भरतपूरच्या पाण्यावरील हिवाळे

मराठी माणसाच्या कानी भरतपूर हे नाव पहिल्याने पडते ते पानिपताच्या कथेत. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संग्रामानंतर भर थंडीत, अंगावर पुरते वस्त्र नाही आणि पोटात अन्न नाही अशा स्थितीत दक्षिणेकडे निघालेल्या मराठ्यांना ज्याने आसरा दिला, तो सूरजमल जाट याच भरतपूरचा राजा. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत येथे आले, आणि १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने किल्ल्यावर चढविलेले चारही हल्ले फसले. मातीचा जाड तट तोफेचे गोळे गिळून टाकीत असे. पण किल्ल्याचे खरे बळ तटापुढच्या खंदकात होते, आणि खंदकाचे बळ मोती झिलेच्या पाण्यात. हे मर्म इंग्रजांना कळावयास वीस वर्षे लागली. १८२५ च्या डिसेंबरात लॉर्ड कंबरमियर चालून आला तेव्हा त्याने तटाला हात घालण्याआधी झिलेचा बांध ताब्यात घेतला. खंदक भरता आला नाही, आणि १८ जानेवारी १८२६ रोजी किल्ला पडला.

हे सारे प्रसंग हिवाळ्यातले, आणि शेवटच्या प्रसंगाचा निकाल पाण्याने लावला. भरतपूर शहराच्या आग्नेयेस जेमतेम दोन किलोमीटरवर पाण्याचे आणखी एक क्षेत्र आहे. त्याचा इतिहासही हिवाळ्याचाच आणि पाण्याचाच. मात्र त्यातील मुख्य पात्रे पंखांची आहेत. या क्षेत्राला लोक ‘घना’ म्हणतात, म्हणजे दाट रान. मध्यभागी केवलादेव या नावाने पूजिले जाणारे महादेवाचे मंदिर आहे, म्हणून पूर्ण नाव केवलादेव घना. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नव्हे. आग्र्याहून पश्चिमेस पन्नासेक किलोमीटरवरील हा तुकडा जगाच्या पक्षिशास्त्रात इतका गाजावा, याचे कारण शोधू गेल्यास प्रथम जमिनीचा उतार पाहावा लागतो.

गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांच्या प्रदेशात ही एक नैसर्गिक खोलवट जमीन आहे. पावसाळ्यात तेथे पूर येई. अठराव्या शतकात सूरजमलाच्या अमदानीत अजान बांध घातला गेला आणि ते पाणी अडविले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांध, कालवे आणि पाण्याच्या मोऱ्या यांचे जाळे घन्यात उभे राहिले. पावसाचा जोर ओसरू लागला की अजान बांधातील पाणी घन्यात सोडावयाचे, निरनिराळ्या वाफ्यांत निरनिराळ्या खोलीपर्यंत भरावयाचे, आणि उन्हाळ्यापर्यंत ते हळूहळू आटू द्यावयाचे, अशी ही व्यवस्था. शेतकरी जसा भाताचे खाचर राखतो तसेच हे राखलेले पाणी होय. घन्याला निसर्गाची देणगी म्हणून वाखाणणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यातील निम्मी देणगी फावड्याची आहे हे विसरता येत नाही.

थंडी पडू लागली की उत्तरेकडील पाणी गोठते, आणि पाण्यावर जगणाऱ्या पाखरांना दक्षिणेकडे उतरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. भुवई बदक सर्वांत आधी येते, पुष्कळदा ऑगस्टातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलवार बदकांचे, थापट्यांचे आणि लहान चक्रांगांचे थवे उतरतात. तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांवर वीण आटोपून डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी तर शेकड्यांनी जमतो. मराठीत त्याला वारकरी म्हणतात. भुईवर टिळा लावून समुदायाने चालणारे लोक ज्यांनी पाहिले होते, त्यांनीच हे नाव ठेविले असणार. चित्रबलाक, उघडचोच, चमचे यांची घरटी पावसाळ्यातच बाभळी-कदंबांवर लागलेली असतात; पाहुणे येतात तेव्हा यजमानांची पोरे उडण्याच्या वयाला आलेली असतात.

आणि केवळ पक्षीच दिसतात असे नव्हे. थंडीत दव वितळू लागले की अजगर बिळातून बाहेर येऊन उन्हात पसरतात. ही बिळे पुष्कळदा साळिंदरांनी उकरलेली असतात, आणि मालक व भाडेकरू एकाच छपराखाली नांदतात. नीलगाई, सांबर, चितळ पाण्याच्या काठी येतात. कोल्हे दुबळ्या बदकावर नजर ठेवून असतात. गवत वाळलेले, पाने विरळ आणि जनावर उन्हाच्या ओढीने उघड्यावर आलेले असल्याने पाहणाऱ्याला हिवाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही.

पाहण्याची ही हौस आपल्या देशात इंग्रजांबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानच्या पाखरांना स्वतंत्र जागा दिली आहे. त्याचा पणतू जहांगीर हा तर वृत्तीने संशोधकच होता. लैला आणि मजनू अशी नावे दिलेल्या सारसांच्या जोडीने घरटे केव्हा केले, अंडी किती घातली, दोघांनी ती आळीपाळीने कशी उबविली, याचे त्याने केलेले टिपण आजही विश्वसनीय मानले जाते. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने एका पांढऱ्या क्रौंचाचे चित्र काढले. ते आता कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. लाल उघडा चेहरा, शुभ्र पिसे, लालसर पाय पाहून तो सैबेरियन क्रौंच आहे याविषयी शंका राहत नाही. युरोपातील शास्त्रज्ञांना या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन पाल्लास याने करून दिले ते १७७३ साली, म्हणजे मन्सूरनंतर सुमारे दीड शतकाने.

इंग्रजी अमदानीत हिवाळ्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले. जिल्ह्याच्या कलेक्टराने थंडीचे महिने कचेरीत न काढता तंबू घेऊन गावोगाव फिरावे, अशी वहिवाट होती. सारावसुली, तंटेबखेडे, पीकपाहणी अशा कामांसाठी निघालेल्या या मंडळींना तळ्याकाठी मुक्काम पडला की समोर पाखरे दिसत. बहुतेकांनी बंदूक उचलली. काहींनी बंदुकीबरोबर लेखणीही उचलली. इटाव्याचा कलेक्टर अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा या दुसऱ्या वर्गातला अग्रणी. १८८५ साली स्थापन झालेल्या काँग्रेसचा प्रवर्तक म्हणून त्याची आठवण केली जाते, पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे त्याच्या मनात पाखरांनीच घर केले होते. इटाव्याच्या परिसरातील झिलांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या पांढऱ्या सैबेरियन क्रौंचांची त्याने नोंद करून ठेविली. १८७२ पासून त्याने पक्षिविषयक नियतकालिक चालविले आणि देशभरच्या अधिकाऱ्यांकडून टिपणे मागवून घेतली. १८८४ मध्ये सिमल्याच्या त्याच्या घरातून अनेक वर्षांची हस्तलिखिते एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकली. ह्यूमचे मन त्यानंतर या विषयातून उठले ते उठलेच. सुमारे ८२ हजार कातडी व अंडी यांचा संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. सरकारी दप्तरांत जन्म काढलेल्या माणसाचे जीवितकार्य रद्दीत जावे, यापेक्षा क्रूर थट्टा कल्पिता येणार नाही.

घन्यात मात्र पक्ष्यांची नोंद कागदावर न होता दगडावर झाली. भरतपूर संस्थानचा कारभार पाहणाऱ्या मोरवीच्या हरभामजींनी विलायतेतील बदकांच्या शिकारी पाहिल्या होत्या. तशी शिकार येथे व्हावी या हेतूने पाण्याची व्यवस्था सुधारली गेली, वाफ्यांमधून उंच रस्ते काढले गेले, आणि नेमबाजांसाठी जागा मुक्रर झाल्या. १९०२ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सन्मानार्थ पहिली मोठी शिकार झाली. १७ बंदुकांनी ५४० पक्षी पाडले. तेथून पुढच्या मोठ्या शिकारींची यादी केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी फलकांवर कोरलेली आहे. तारीख, प्रसंग, पक्षी किती, बंदुका किती, असा सगळा हिशेब आहे. २० नोव्हेंबर १९१६ रोजी लॉर्ड चेम्सफर्ड यांच्यासाठी झालेल्या शिकारीत ५० बंदुकांनी ४,२०६ पक्षी मारले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ३९ बंदुकांनी ४,२७३ मारले. हा आकडा सर्वांत मोठा ठरला. सरासरी काढली तर पहिल्या शिकारीत एका बंदुकीस ३२ पक्षी, १९१६ साली ८४, आणि १९३८ साली १०९ हून अधिक. बंदुका कमी होऊनही पक्षी वाढले. व्यवस्थेत कसूर राहिली नव्हती.

हे फलक पाहून आजच्या पाहुण्याला संताप येतो आणि तो येणे साहजिकच आहे. पण त्या संतापात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शिकारीसाठी का होईना, घन्यात दर वर्षी पाणी भरले जात होते, झाडे राखली जात होती आणि इतरांच्या बंदुकांना मज्जाव होता. उत्तर हिंदुस्थानातील किती झिला याच काळात शेतीखाली गेल्या! घना वाचला तो राजाच्या छंदामुळे, आणि त्या छंदाची किंमत पाखरांनी दर हिवाळ्यात मोजली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

१२ नोव्हेंबर १९३८ या तारखेला आणखी एक अर्थ आहे. त्याच दिवशी सालिम अली यांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली. त्यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याखाली पिवळा डाग दिसला. तो काय म्हणून विचारावयास ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेले, आणि मिलर्ड नावाच्या गृहस्थांनी त्यांना पेंढा भरलेल्या पाखरांचे कप्पे उघडून दाखविले. पुढच्या जन्मभराच्या अभ्यासाचा आरंभ हा असा बंदुकीनेच झाला. मुळात ही सोसायटीही १८८३ साली मुंबईत स्थापन झाली तेव्हा तिच्यात शिकारी आणि निरीक्षक असे दोन तट नव्हते. एकच माणूस सकाळी गोळी घाली आणि संध्याकाळी टिपण लिही. आज १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षिनिरीक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो. घन्यातील सर्वांत मोठ्या संहाराची तारीखही तीच आहे, हे फारच थोड्यांच्या लक्षात असते.

मारल्यावाचून मोजावयाचे कसे, याचा विचार त्या सुमारास इतरत्र सुरू झाला होता. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पाखरे मारण्याची चढाओढ लागे. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचविले की, त्या दिवशी बाहेर पडावे जरूर, पण जिवंत पाखरे मोजून परत यावे. पहिल्या वर्षी २७ माणसे निघाली. ती मोजणी अजूनही दर हिवाळ्यात होते. आपल्याकडे वाट थोडी निराळी निघाली, आणि तिचा आरंभ एका मराठी संस्थानात झाला. माळव्यातील धार येथे, पवारांच्या राज्यात, १९२६-२७ च्या सुमारास रानबदके पकडून त्यांच्या पायांत धातूची कडी घालून सोडून देण्याचा उपक्रम मुंबईच्या सोसायटीने हाती घेतला. कड्यावर क्रमांक आणि ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ एवढाच मजकूर. हजारो कोसांवरच्या अज्ञात शिकाऱ्याला घातलेली ती एक विनंती होती. त्याने पत्र धाडले तर पाखराचा मार्ग कळावयाचा; न धाडले तर कडे गेले आणि पाखरूही गेले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये भरतपूर मत्स्य संघात आणि पुढच्या वर्षी राजस्थानात विलीन झाले. महाराजांचे राज्य गेले, शिकारीचे हक्क राहिले. एवढी सुपीक, ओली जमीन पाखरांसाठी अडवून ठेवण्यापेक्षा ती नांगराखाली आणावी, अशी मागणी होऊ लागली. अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते आणि मागणी करणारे शेतकरी काही दुष्ट नव्हते. सालिम अलींनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शेते कोठेही करता येतील, पण सैबेरियापासून निघालेल्या पाखरांना उतरावयाला ही जागा पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, ती दुसरीकडे नेता येणार नाही. घना राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ साली झाली. महाराजांचा वैयक्तिक हक्क १९७२ पर्यंत चालू होता.

पायांत कडी घालण्याचे काम घन्यात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते मात्र एका रोगामुळे. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. या तापाचा विषाणू रशियातील एका विषाणूच्या जातकुळीतला निघाला. मग अशी शंका आली की, हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांच्या अंगावरील गोचिड्यांनी तर तो आणला नसेल? शंकेला पुढे आधार मिळाला नाही. पण तिच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि सोसायटीला हजारो पाखरे पकडून पाहता आली. पकडावयाला बोलाविले ते बिहारातील मीरशिकार जमातीच्या लोकांना. जाळे टाकून, चिकट लावलेली कळकाची काठी हलकेच पुढे सरकवून जिवंत पाखरू धरण्याची त्यांची विद्या वंशपरंपरेची. त्यांच्यातील अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांच्या वर्तुळात देशाबाहेरही गेले. ज्या कसबाने पाखरे बाजारात विकली जात, तेच कसब शास्त्राच्या उपयोगी पडले. घन्यात कडी घातलेल्या बदकांची पत्रे सैबेरिया आणि कझाकस्तानातून मुंबईस येऊ लागली. राजकारणाच्या दृष्टीने दोन गटांत विभागलेल्या त्या जगात ही पाखरे पारपत्रावाचून ये-जा करीत होती.

आता त्या पांढऱ्या क्रौंचाकडे वळावयास हवे, कारण घन्याच्या इतिहासातील खरी शोककथा त्याची आहे.

हा पक्षी पश्चिम सैबेरियात ओब नदीच्या खालच्या खोऱ्यातील दलदलीत वीण करी आणि अफगाणिस्तानावरून पाच हजारांहून अधिक किलोमीटर कापून घन्यात येई. १९७० नंतरच्या दशकात रोनाल्ड साउई हा तरुण अमेरिकन अभ्यासक हिवाळ्यांमागून हिवाळे घन्यात बसून या क्रौंचांकडे पाहत राहिला. जॉर्ज आर्चिबाल्ड यांच्याबरोबर त्याने १९७३ साली क्रौंचांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्थाही काढली. उथळ पाण्यात चोच बुडवून लव्हाळ्याचे कंद उकरून खाणे हा या पक्ष्याचा घन्यातील मुख्य उद्योग. नर, मादी आणि असलेच तर एक पिल्लू, असे कुटुंब आपला पाण्याचा तुकडा राखून असते. पिल्लू पांढरे नसते, दालचिनीच्या रंगाचे असते. त्यामुळे कोणाही डोळसाला काठावर उभे राहून सांगता येई की, गेल्या उन्हाळ्यात सैबेरियात किती घरटी फळली. हिवाळ्यातील निरीक्षण म्हणजे केवळ मौज नव्हे, ते दूरच्या देशाचे वर्तमान वाचणे होय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

हे वर्तमान वर्षानुवर्षे वाईट येत गेले. १९६५ च्या आसपास घन्यात सुमारे दोनशे क्रौंच मोजले गेले होते. १९९२-९३ च्या हिवाळ्यात पाच आले. पुढचे दोन हिवाळे एकही आला नाही. मग १९९६ मध्ये चार दिसले तेव्हा आनंद झाला, कारण आशा सुटलेली होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी उतरली. तिच्यानंतर घन्यात सैबेरियन क्रौंच आलेला नाही. वाटेतील देशांत होणारी शिकार, अफगाणिस्तानातील दीर्घ युद्ध, आटत गेलेली तळी, अशी कारणे सांगितली जातात आणि ती पटण्याजोगी आहेत. या जातीचे बहुतेक सर्व उरलेले पक्षी पूर्व सैबेरियातून चीनमधील पोयांग सरोवराकडे जातात. ते वंशाने तेच असले तरी भारताची वाट त्यांना ठाऊक नाही. वाट पिल्लू आईबापांमागून उडत शिकते. शिकविणारेच राहिले नाहीत म्हणजे वाटही पुसली जाते.

या अवधीत घन्याला मानसन्मान मात्र पुष्कळ लाभले. १९८१ साली चिलिका सरोवराबरोबर त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळाले, १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. राष्ट्रीय उद्यान होताच नियमाप्रमाणे गुरांना बंदी आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या तेथे चरत असत. राजाच्या वेळीही त्यांना मज्जाव नव्हता. लोक चिडले, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले. घन्याच्या इतिहासात पाखरांच्या मृत्यूचे आकडे दगडावर कोरलेले आहेत, माणसांचे नाहीत.

आणि म्हशी गेल्यावर काय झाले? मुंबईच्या सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे घन्याचा बारकाईने अभ्यास चालविला होता, डॉ. विजयन हे त्याचे प्रमुख. म्हशींनी पाणथळीची नासाडी होते, या समजुतीला त्या काळी तज्ज्ञांचाही पाठिंबा होता. अभ्यासातून निष्पन्न झाले ते उलटेच. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, ते गवत आता मोकाट वाढले, पाण्याचा पृष्ठभाग त्याने झाकून टाकला, मासे कमी झाले, बदकांना उतरावयाला मोकळे पाणी उरले नाही. कंद उकरून खाणाऱ्या क्रौंचालाही त्या दाटीत चोच घालणे अवघड झाले. शास्त्रज्ञांनी तसे स्पष्ट लिहून दिले. आपल्याच बाजूची समजूत चुकीची ठरविणारा निष्कर्ष छापण्यास जी सचोटी लागते, ती या अहवालात आहे. गावकऱ्यांना मात्र त्याने त्यांची माणसे परत मिळाली नाहीत. १९९० साली घन्याची नोंद धोक्यात आलेल्या पाणथळींच्या यादीत झाली.

त्यानंतरचे भांडण पुन्हा पाण्याचेच. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. धरणाकाठच्या शेतकऱ्यांना पाणी हवे, घन्यालाही हवे, आणि पाऊस एकच. २००४ पासून काही वर्षे घना इतका कोरडा पडला की, जेथे नावा चालत तेथे भेगाळलेल्या जमिनीवरून गुरे फिरू लागली. बगळ्यांनी, चित्रबलाकांनी घरटी बांधली नाहीत. पुढे गोवर्धन नाल्याचे आणि चंबळेचे पाणी नळांवाटे आणण्याची सोय झाली. नदीच्या पुराबरोबर जी माशांची पिल्ले आणि वनस्पतींचे बी येई ते नळातून त्या मानाने कितीसे येणार? परंतु कोरड्या घन्यापेक्षा नळाचा घना बरा, यात वाद नाही.

घन्यात फिरवून आणणाऱ्या सायकलरिक्षावाल्यांचा उल्लेख केल्यावाचून ही हकीगत पुरी होणार नाही. नव्वदीच्या आधीच्या दशकापासून त्यांना पक्ष्यांची ओळख करून घेण्याचे शिक्षण मिळू लागले. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा पूर्वी या रानाशी संबंध गुरे चारणे आणि लाकूडफाटा एवढाच होता. आज त्यांतील जाणता माणूस रिक्षाचे पायडल थांबवून, बोटाने न दाखविता हनुवटीने खूण करून, दूरच्या खोडावर पंख मिटून बसलेले घुबड दाखवितो. त्याला पाखराचे हिंदी, इंग्रजी आणि कधीकधी शास्त्रीय असे तिन्ही नाव येते. दिल्ली-आग्र्याकडील जी मराठी कुटुंबे थंडीत मुलांना घेऊन घन्यात जातात, त्यांच्या मुलांना वारकरी हे नाव ऐकून तो विचारतो की, तुमच्याकडे याला असे का म्हणतात?

१९८७ पासून आशियातील इतर अनेक पाणथळींबरोबर भारतातही दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणती होते. सरकारी माणसे, शिक्षक, विद्यार्थी, हौशी लोक दुर्बिणी घेऊन पहाटे निघतात, आणि धुके वितळण्याची वाट पाहत बांधावर उभे राहतात. थव्यातील पाखरे एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून आधी दहा पाखरे नजरेत धरावयाची, मग तेवढ्यांचा पट्टा किती वेळा बसतो ते पाहावयाचे. मोठ्या थव्यात हेच शंभराने करावयाचे. चांगला पाऊस झालेल्या वर्षी तलवार बदके, चक्रांग, थापटे आणि पट्टकादंब अजूनही हजारांनी उतरतात. मोजणारे केवलादेवाच्या मंदिरापाशी येतात तेव्हा ऊन चांगले वर आलेले असते, दगडी फलकांवर ते तिरपे पडते आणि कोरलेली अक्षरे स्पष्ट वाचता येतात. पलीकडच्या उंचवट्यावर एखादा अजगर त्याच उन्हात पसरलेला असतो.